माहिती तुमची, दंड सरकारजमा

आरोग्य विम्याचा अर्ज कधी नीट वाचलाय? लग्नाच्या बैठकीतही कुणी इतकं खोदून विचारत नाही. रक्तदाब आहे का, साखर किती, सिगारेट दिवसाला किती, दारू आठवड्याला किती, वडील कशाने गेले, मागच्या चार वर्षांत कुठल्या दवाखान्यात आणि कशासाठी दाखल झाला होतात. सगळं खरंखुरं लिहायचं. एखादी गोष्ट राहिली आणि पुढे दावा टाकलात, की 'माहिती दडवली' हा शिक्का तयारच असतो. दावा नामंजूर. म्हणजे गुपित तुम्ही दडवलं तर पैसे तुमचे गेले. तेच गुपित कंपनीच्या हातून चव्हाट्यावर आलं तर कोणाचे जातात?

कोणाचेच नाहीत. कंपनी फार तर दिलगीर होते.

२०२४ ची गोष्ट. चेन्नईच्या स्टार हेल्थ या कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रं टेलिग्रामवरचे चॅटबॉट मागेल त्याला वाटत होते. सप्टेंबरमध्ये रॉयटर्सने ही बातमी फोडली. हॅकरचा दावा ३ कोटी १० लाख ग्राहकांचा आणि ७.२४ टेराबाइट माहितीचा होता. रॉयटर्सच्या लोकांनी स्वतः दीड हजारांवर फायली उतरवून पाहिल्या. त्यात नाव, पत्ता, फोन, कराचे तपशील, ओळखपत्रांच्या प्रती, तपासण्यांचे अहवाल आणि निदान असं सगळं होतं. केरळातल्या एका दवाखान्यात दाखल झालेल्या एक वर्षाच्या मुलीचे रक्ताचे रिपोर्ट, आजाराचा पूर्वेतिहास आणि पंधरा हजारांच्या आसपासचं बिलही होतं. अशा काही ग्राहकांना फोन गेले तेव्हा ते म्हणाले, कागद आमचेच, पण ते फुटल्याचं आम्हाला कुणी कळवलेलं नाही.

कळवलं होतं, पण शेअर बाजाराला! दाव्यांच्या काही माहितीबाबत चौकशी चालू असल्याचं कंपनीने ऑगस्टमध्येच बाजाराला सांगितलं होतं. ज्याच्याकडे शेअर त्याला आधी कळणार. ज्याच्याकडे फक्त पॉलिसी, त्याने परदेशी वृत्तसंस्थेच्या फोनची वाट पाहायची. मग कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली, टेलिग्राम आणि हॅकर यांच्याविरुद्ध. अंतरिम आदेशही मिळाला. दावा करायला हरकत नाहीच, चोरावर खटला भरायलाच हवा. गंमत एवढीच, की ज्यांची कागदपत्रं गावभर झाली ते बाहेर आणि 'पीडित' म्हणून न्यायालयात उभी कंपनी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या एचडीएफसी लाइफनेही आपल्या ग्राहकांची माहिती कुणा अज्ञाताच्या हाती लागल्याचं कळवलं. कोणाला? पुन्हा शेअर बाजारालाच.

आता कुणी म्हणेल, एवढं काय बिघडलं? नंबर तर आपला कॉलनीतल्या वाण्याकडेही आहे. खरंय. पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, मूळव्याध कशी बदलणार? आणि ज्याच्याकडे तुमचा पॉलिसी क्रमांक, हप्त्याची तारीख आणि मागच्या ऑपरेशनचं बिल आहे, तो फोनवर 'सर, तुमचा बोनस अडकलाय' म्हणाला, तर भलेभले फसतात. इतकी माहिती कंपनीशिवाय कोणाला असणार, हाच आपला हिशेब असतो.

तर मग दाद कुठे मागायची?

सगळे सांगतात, नवा कायदा आलाय. आलाय ना! डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यातली ग्राहकाच्या कामाची कलमं नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. कंपन्यांना तयारीला वेळ हवा. बिचाऱ्या कालपर्यंत आपली माहिती कुलूप न लावताच ठेवत होत्या, एकदम कुलूप कसं लावणार? याच कायद्यातलं एक कलम मात्र ताबडतोब लागू झालं. ते माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला कात्री लावणारं. सरकारकडून माहिती मागणाऱ्याला 'ही वैयक्तिक बाब आहे' असं सांगून परत पाठवणं त्याने सोपं झालं. तेवढ्या कामाला अठरा दिवसही थांबावं लागलं नाही.

बरं, मे २०२७ उजाडल्यावर तरी काय मिळणार? माहिती सांभाळण्यात कुचराई केली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. ऐकायला झकास. माहिती फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत वेगळा. आता कायद्याचं कलम ३४ वाचा. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होईल. म्हणजे रिपोर्ट तुमचा फुटला, फसवे फोन तुम्हाला आले, आणि पैसे दिल्लीच्या तिजोरीत. तुमच्या खात्यात एक रुपयासुद्धा नाही, कारण भरपाईची तरतूदच या कायद्यात नाही. दिवाणी न्यायालयात जाईन म्हणाल, तर या कायद्याच्या डेटा संरक्षण मंडळाच्या अखत्यारीतल्या विषयांवर तोही दरवाजा बंद. आणि मंडळाकडे जाण्याआधी खुद्द कंपनीकडेच तक्रार करून तिची पायरी संपवायची.

शिवाय तुमच्यासाठीही दंड आहेच. तक्रार 'खोटी किंवा क्षुल्लक' ठरली तर ग्राहकाला दहा हजार रुपयांपर्यंत. दुसऱ्याची माहिती न सांभाळणाऱ्याला दंड करणाऱ्या कायद्यात, ज्याची माहिती गेली त्यालाच दंडाची तरतूद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

खरा वार मात्र याहून बारीक अक्षरात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ नावाचं एक कलम २००९ पासून आहे. संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या कंपनीने सुरक्षेत हलगर्जी केली आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तर कंपनीने त्या माणसाला भरपाई द्यायची. त्या माणसाला, तिजोरीला नाही. २०११ च्या नियमांनी वैद्यकीय कागदपत्रं आणि आरोग्याची स्थिती 'संवेदनशील' यादीत स्पष्ट नाव घेऊन घातली आहेत. विमा कंपन्यांची मापं घेऊन शिवल्यासारखं कलम. नव्या कायद्याने हे कलम रद्द केलंय. त्याचीही तारीख मे २०२७. ज्या दिवशी तुमचं 'संरक्षण' सुरू होईल, त्याच दिवशी तुमची भरपाई बंद.

म्हणजे आज घटकेला ते जिवंत आहे, आणि वापरायचं तर आत्ताच. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मागणीचा निवाडा करायला प्रत्येक राज्यात एक अभिनिर्णय अधिकारी असतो. आपल्याकडे ते काम माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे. मंत्रालयात असं काही न्यायासन आहे हे शंभरातल्या नव्याण्णव वकिलांनाही सांगावं लागतं. पण ते शोभेचं नाही. २०१३ मध्ये याच खुर्चीवरून पंजाब नॅशनल बँकेला पुण्याच्या एका कंपनीला ४५ लाख रुपये द्यायला लावले होते. फसव्या ईमेलला उत्तर दिल्याने त्या कंपनीच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. चूक ग्राहकाचीही होती, ती धरली गेली. पण बँकेनेही डोळे मिटून घेतले होते, हेही धरलं गेलं. नियम म्हणतो, प्रकरण शक्यतो चार महिन्यांत आणि फार तर सहा महिन्यांत निकाली काढावं. 'शक्यतो' या शब्दावर सरकारी कचेऱ्या किती वर्षं काढू शकतात हे वाचकांना सांगायला नको. मागणीच्या प्रमाणात फी भरावी लागते, आणि नुकसान दाखवावं लागतं. नुसतं 'मला कसंतरी वाटलं' चालत नाही.

कसंतरी वाटल्याचे पैसे मागायचे असतील तर दुसरं दार आहे, आणि ते घराजवळ आहे: जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याच्या हाती देणं ही 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरवली आहे. कंपनी म्हणेल, आम्ही दिली नाही, चोरीला गेली. म्हणू द्या. मग सेवेतली त्रुटी म्हणून मांडा: हप्ता घेतलात, माझे कागद सांभाळणं हा सेवेचाच भाग होता. मानसिक त्रासाची भरपाई देण्याचा अधिकार आयोगाला आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, चेन्नईला जायची गरज नाही. अधिकारक्षेत्र तुम्ही भरलेल्या रकमेवर ठरतं, आणि ती पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. सारख्याच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने एकाला सगळ्यांच्या वतीनेही तक्रार दाखल करता येते. ही तरतूद आपण जवळजवळ वापरतच नाही. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर आपण चाळीस सह्या गोळा करतो, पण विमा कंपनीसमोर प्रत्येक जण एकटा.

अमेरिकेत अशी एकी होते. अँथम या विमा कंपनीकडून २०१५ मध्ये सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि सामूहिक दाव्यात ११.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. हुरळून जाऊ नका. त्यातले तीन कोटींवर वकिलांच्या फीत गेले, आणि ज्यांनी रोख मागितली त्यांना जास्तीत जास्त पन्नास डॉलर. तरी ते पन्नास डॉलर माणसाला मिळाले, खजिन्याला नाही.

विमा नियामकाकडेही तक्रार करता येते, 'बीमा भरोसा' पोर्टलवर. भरोसा नावात आहे, एवढं पुरे. कंपनीच्याच कुणी माहिती विकल्याचा पुरावा असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२-अ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पोलिस ठाण्यात ते कलम तुम्हालाच सांगावं लागेल, वाचून जा. आणि फसव्या फोनने पैसे गेलेच, तर कायद्याची पुस्तकं बाजूला ठेवून आधी १९३० फिरवा आणि बँकेला कळवा. माहिती तुमच्या चुकीने नव्हे तर बाहेरच फुटली असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्याला तोशीस लागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा आदेश आहे. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

काही करायचंच असेल तर या आठवड्यात एवढं करा. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल टाका: माझी माहिती फुटली आहे का, कोणती, कधी, आणि मला का कळवलं नाही? उत्तर येईल न येईल, पण मेल जपून ठेवा. आलेले फसवे फोन तारखेसह वहीत लिहा, मेसेजचे स्क्रीनशॉट काढा. शेजारी, साडू, ऑफिसातले, त्याच कंपनीची पॉलिसी असलेले चार जण जमवा आणि एक वकील धरा. कलम ४३-अ मे २०२७ पर्यंतच आहे.