खासदार अमजद खान

कोल्हापुरात माणसाचं पाळण्यातलं नाव एक आणि पेठेतलं दुसरं, याचं कुणाला नवल नाही. पण गृहखात्याच्या कागदावर नवं नाव मिळण्याचा मान मोजक्याच मंडळींच्या नशिबी आला. पुण्याच्या बंडगार्डन ठाण्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये नोंदवलेल्या गुन्ह्यातल्या आरोपानुसार, नाना पटोले यांचा फोन ‘अमजद खान’ या नावानं टॅप झाला. बच्चू कडू झाले ‘निजामुद्दीन बाबू शेख’. पटोले टॅपिंगच्या काळात सत्ताधारी भाजपचेच खासदार होते! साहेबांनी सही करताना फार विचार करू नये म्हणून नाव कोणतं निवडावं, याचंही एक शास्त्र असावं.

मुंबईत कुलाबा ठाण्यातल्या अशाच दुसऱ्या गुन्ह्यात मात्र शास्त्राचा कंटाळा आलेला दिसतो. तिथं संजय राऊत झाले ‘एस. रहाटे’ आणि एकनाथ खडसे नुसतेच ‘खडसणे’.

दोन्ही गुन्हे पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर होते आणि दोन्ही उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द केले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनीच तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता, मुंबईच्या प्रकरणात सरकारनं खटल्याला मंजुरी नाकारली होती. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. आता कायद्याच्या दृष्टीनं सगळे निर्दोष आहेत. सही करणारा निर्दोष, सही मागणारा निर्दोष, आणि ज्याचा फोन ऐकला तो तर होताच.

यात न्यायाधीश कुठं होते, असं एखादा भाबडा विचारेल. ते कुठंच नव्हते, कारण कायद्यात त्यांना बोलावणंच नाही. फोन टॅप करायची परवानगी राज्यात गृहसचिव देतात. ती योग्य होती का, हे तपासणाऱ्या समितीवर मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव बसतात. खासबागच्या मैदानात पैलवानाच्या वस्तादालाच पंच नेमलं आणि निकालावरची हरकत त्याच तालमीच्या अध्यक्षाकडं पाठवली, तर प्रेक्षक गॅलरीतून खाली उतरतील. मंत्रालयात याला ‘पुनर्विलोकन’ म्हणतात.

दिल्लीतल्या अशाच समितीचा हिशेब न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात मांडला. दोन महिन्यांतून एक बैठक आणि एकेका बैठकीपुढं १५ ते १८ हजार आदेश. आठ तास चहाही न घेता बसलं, तरी एका आदेशाला दोन सेकंद मिळत नाहीत. तेवढ्यात ‘अमजद खान’ हे नाव वाचून होईल, तो कोण हे कुणी विचारायचं?

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली ‘पीयूसीएल’ खटल्यात फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग मानला, सरकारला नियम घालून दिले. पण न्यायाधीशाची आगाऊ परवानगी मात्र बंधनकारक केली नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका जुगाऱ्याचं सार्वजनिक बूथमधलं बोलणं एफबीआयनं वॉरंटशिवाय ऐकलं, तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली ते घटनाबाह्य ठरवलं. तिथल्या जुगाऱ्याला जे मिळालं, ते इथल्या आमदार-खासदारांना अजून मिळायचंय.

लाजेवर भागायचा काळही गेला. ऑगस्ट १९८८ मध्ये कागलच्या पलीकडल्या राज्यात, फोन टॅपिंगच्या वादात मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला होता.

कायदा मात्र नवा आला. तार २०१३ साली बंद झाली, तरी १८८५ चा तारेचा कायदा त्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ फोन ऐकायच्या कामी येत राहिला. मग २०२३ चा दूरसंचार कायदा झाला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नियम निघाले. टॅपिंगच्या आदेशाची मुदत पूर्वीसारखीच साठ दिवस, वाढवत नेली तर १८० दिवस. सही सचिवांची, तपासणीही सचिवांचीच. इंग्रजांनी लावलेली घडी मोडायला नको, एवढी काळजी नक्की घेतलीय.

आता कोल्हापूरकरांना एक सोय झाली आहे. कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. याचिकेसाठी मुंबईची रात्रीची गाडी धरायला नको. आपला फोन कुणी ऐकतंय असा संशय आला, की थेट वकील गाठायचा. वकीलसाहेब आदेशाची प्रत मागतील. प्रत गोपनीय असते. नोटीस आली होती का, विचारतील. ती ऐकण्याआधी येत नाही आणि नंतरही येत नाही. शिवाय गरज नसलेल्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायची सोय नियमातच आहे.

वकीलसाहेबांना एक आशादायक निकाल मात्र तोंडपाठ असतो. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये एका उद्योजकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश बेकायदा ठरवले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. ते आदेश २००९-१० मधले होते. त्या गृहस्थांना ते कळले, कारण सीबीआयनं त्यांच्यावर लाचेचा खटला भरला आणि त्यात ते संभाषण पुरावा म्हणून लावलं. तेव्हा सल्ला सरळ आहे : आधी आरोपी होऊन या, मग याचिका टाकू.