तबकडीवाले तात्या

आमच्या बिल्डिंगमधले तात्या बँकेतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत घरातल्या वस्तूंशी भांडू लागले. पेपरची घडी मोडली कुणी, नळ कोण गळका ठेवतं, एक ना दोन. काकूंनी डॉक्टर, योगासनं, सोसायटीचं सेक्रेटरीपद, सगळं करून पाहिलं. गुण आला तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. एका रविवारी चावीचा ग्रामोफोन आणि बालगंधर्वांची एक तबकडी मांडीवर घेऊन तात्या रिक्षातून उतरले, ते चक्क हसत!

तेव्हापासून त्यांच्याकडे तबकडी लावणं हे सोवळ्यातलं काम आहे. आधी हात धुवायचे. मग तबकडी कडेनंच धरायची, रेघांना बोट लागता कामा नये. मऊ ब्रशनं धूळ काढायची, चावी भरायची, पिन बदलायची. पोलादी पिन एका बाजूपुरतीच. "वाजली की उष्टी झाली!" एवढ्या तयारीनंतर मिनिटाला ७८ फेरे घेत गाणं वाजतं जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. गौहर जान गाणं संपताना स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. तात्या ते तिच्या आधी सांगतात आणि आपल्याकडे बघतात. आपण "वा!" म्हणायचं. एका भाच्यानं "हे सगळं मोबाइलवर मिळतं की," असं म्हटलं. त्या दिवशी त्याला कुणी जेवायला थांब म्हणालं नाही.

तात्यांना कुठे न्यायचं म्हणजे काकूंच्या पोटात गोळा येतो. परवा एकांकडे भेटायला गेले होते, दिवस अजून व्हायचे होते. तात्या पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि मग हळूच म्हणाले, "अण्णांना गाण्याचा शौक होता, नाही? माळ्यावर काही असेल?"

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ साली आवडीचे दोन प्रकार मांडले. एक आवड माणसाच्या ताब्यात असते, बाकीच्या आयुष्याशी जमवून घेते आणि मन प्रसन्न ठेवते. दुसरी माणसालाच ताब्यात घेते. तिच्यात खंड पडला की जीव कासावीस होतो. आमच्या तात्यांत दोन्ही सुखानं नांदतात. जुना बाजार भरतो त्या बुधवारी आणि रविवारी दुसरी, उरलेले पाच दिवस पहिली. पावसानं बाजार बुडाला तर मात्र काकू शेजारी येऊन बसतात.

करोनाच्या दिवसांत जावयानं मोठ्या काळजीनं, बाहेरून आलेल्या एका तबकडीवर सॅनिटायझर मारून ती खसाखसा पुसली. जुनी तबकडी लाखेची, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हिराबाई बडोदेकर गेल्या! तात्या दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जावयाला स्वतः चहा नेऊन दिला आणि म्हणाले, "चूक माझी. आधी सांगायला हवं होतं." काकू म्हणतात, इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. बँकेत असताना तात्या कॅशियरलासुद्धा असं म्हणाले नसते.

तेव्हा तुमच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील तर भंगारात घालू नका, आमच्या तात्यांकडे आणून द्या. फक्त काकू देवळात गेल्यावर या. पलंगाखालची जागा केव्हाच संपली आहे.