रोपं पुरे, पाट्या मोजा

बोरिवलीच्या बाजारात चिंबोरी घ्यायची तर आधी तिथी बघायची. अमावास्या जवळ असेल तर चिंबोरी भरलेली, पौर्णिमेच्या आसपास पोकळ, हा कोळणींचा पक्का हिशेब. मावशी सुतळीने नांग्या बांधलेली चिंबोरी उलटी करतात, पोटावर अंगठा दाबून दाखवतात आणि मग भाव सांगतात. घासाघीस होते ती चिंबोरीवर. ती ज्या चिखलात वाढली, त्याचा भाव कुणी विचारत नाही.

तो चिखल कांदळवनाचा आहे. तिवराची पानं गळतात, कुजतात आणि त्यांवर खेकडे, कोळंबीची पिल्लं, बोय, निवटी पोसली जातात. मुळांच्या गर्दीत मोठा मासा सहसा शिरत नाही, म्हणून लहान जीव वाढतात. पश्चिमेला वर्सोवा, मालवणी, चारकोप, गोराई. पूर्वेला मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत ठाण्याची खाडी. उपनगराच्या दोन्ही कडांना हे पीक उभं आहे. न पेरता येतं, त्यावर कोळीवाड्यातल्या चुली पेटतात, आणि सरकारी कागदांत त्याची नोंद ‘झाडं, नग इतके’ एवढीच होते.

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्सोवा-भाईंदर सागरी रस्त्यासाठी सुमारे ४५ हजार कांदळवृक्ष तोडायला परवानगी दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजारांना मिळाली होती. याच न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी बजावलं होतं की कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, आणि जिथे ते नष्ट झालं तिथे पुन्हा उभं करणं ही सरकारची जबाबदारी. सार्वजनिक हिताच्या कामाला वाट त्या निकालातच ठेवलेली आहे. ते मान्य करूनच मला भरपाईबद्दल बोलायचं आहे.

भरपाई म्हणजे नवी रोपं. तोडलं त्याच्या कित्येक पट लावू, असं म्हटलं की आपण निश्चिंत होतो. पण गोराईच्या खाडीतलं तिवर तोडून दुसऱ्याच कुठल्या खाडीत रोप लावलं, तर गोराईच्या कोळणीच्या पाटीत काय पडणार? शिवाय तिवराला लावणाऱ्या हातापेक्षा भरतीची गरज जास्त. पावसाळ्यात त्याच्या बिया पाण्यावर तरंगत येतात आणि चिखल मिळेल तिथे आपसूक रुजतात. राडारोड्याचा भराव टाकून भरतीची वाट अडवली, की उभं बनही वाळून जातं. म्हणून पुनरुज्जीवनाचं पहिलं काम फावड्याचं आहे. भराव उचला, तुंबलेले ओहळ मोकळे करा, पाणी आत-बाहेर खेळू द्या. रोपवाटिकेचा नंबर त्यानंतर.

हा भावनेचा प्रश्न म्हणून बाजूला सारणाऱ्यांसाठी हिशेबही आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशातल्या भितरकनिकाजवळच्या तीन गावांचा अभ्यास रुची बडोला आणि एस. ए. हुसेन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. कांदळवनाच्या आडोशाच्या गावात घरटी नुकसान सुमारे ३३ डॉलर. ना कांदळवन ना बांध, त्या गावात ४४. आणि नुसता बांध घातलेल्या गावात १५४! बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं आणि त्याच बांधामुळे आत कोंडून राहिलं. खाडीकाठी भिंत घालून सुरक्षित झालो असं मानणाऱ्या प्रत्येक शहराने हे तीन आकडे पाठ करावेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा नसली की काय होतं, हे आपण कमरेइतक्या पाण्यात उभं राहून शिकलो आहोत.

उभ्या कांदळवनातून रोजगारही मिळतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. राज्याच्या कांदळवन कक्षाची खेकडेपालन, कालवंपालनाची योजनाही आहे. जे वेंगुर्ल्यात जमलं, ते गोराईत आणि भांडुपात का जमू नये? भराव उपसण्याची, ओहळ राखण्याची, बिया गोळा करण्याची मजुरी आधी कोळीवाड्याला द्या. कुठल्या ओहळात भरती कुठवर येते हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक आहे, आणि बन जगलं तर पोट भरणार तेही त्यांचंच. ज्याचं पोट त्यावर आहे, तो रोप मरू देत नाही.

आणि मोजमाप बदला. किती रोपं लावली, किती जगली, एवढ्यावर भागणार नाही. त्याच खाडीत काम सुरू होण्याआधी दिवसाला किती पाट्या निघत होत्या आणि पाच वर्षांनी किती निघतात, हा आकडा भरपाईच्या प्रत्येक अहवालात सक्तीचा करा. अहवाल लिहिणाऱ्या साहेबांनी अमावास्येच्या सकाळी बोरिवलीच्या बाजारात यावं. चिंबोरी उलटी करावी, पोटावर अंगठा दाबावा. पोकळ लागली तर तो अहवालही पोकळ.