साडूंचा फाइव्ह-जी

भारतात पहिले फाइव्ह-जी फोन फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस आले आणि आमच्या मोठ्या साडूंनी त्यातला एक लगोलग उचलला. किंमत विचारली तर म्हणाले, "राव, भविष्यासाठी सज्ज आहे हा!" भविष्य महिनाभरातच आलं. सगळा देश घरात बसला आणि साडूही फोनसकट घरातच बसले.

तेव्हा देशात फाइव्ह-जीचं नेटवर्क तर नव्हतंच, पण लहरींचा लिलावसुद्धा झाला नव्हता. तो जुलै 2022 च्या अखेरीस सुरू झाला, सात दिवस चालला आणि दीड लाख कोटींवर जाऊन थांबला. सेवेचं उद्घाटन 1 ऑक्टोबर 2022 ला झालं. म्हणजे नवरदेव मुंडावळ्या बांधून अडीच वर्षं उभा, समोर अंतरपाट धरलेला, आणि पलीकडे कुणीच नाही! तोवर बॅटरीनं मान टाकली होती, काचेवर तडा होता. पाठीवरची '5जी' ही अक्षरं मात्र ठणठणीत होती.

अंतरपाट दूर झाला तेव्हा नवाच घोळ निघाला. लिलावात लहरी होत्या नाना तऱ्हेच्या. 700 मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून घरात शिरते, 3300 ची उंबऱ्याशी दमते आणि 26 गिगाहर्ट्झची तर झाडाचं पान आडवं आलं तरी रुसते. पहिल्या फोनांपैकी अनेकांना यातल्या मोजक्याच ओळखता यायच्या. साडूंच्या फोनला मधली तेवढी कळायची, तीही अपडेट आल्यावर. आणि ती भेटायची फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे.

मी शहाणा. वर्षभर थांबलो आणि निम्म्या किमतीत बहुतेक लहरी ओळखणारा फोन घेतला. आता 'शुभ सकाळ'ची फुलं डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरतात. पुसायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो.

सध्या दुकानातला मुलगा घडीचा पडदा, थेट उपग्रहाशी बोलणं, फोटोतला नको असलेला माणूस पुसणारी कृत्रिम बुद्धिमत्ता असं काय काय ऐकवतो. बॅटरी दोन दिवस चालेल का, एवढंच विचारलं की त्याला दुसरं गिऱ्हाईक दिसतं.

परवा साडू आले ते सिक्स-जीची बातमी घेऊनच. सरकारनं मार्च 2023 मध्येच त्याचा आराखडा मांडलाय, लक्ष्य 2030 चं. "फोन निघाला की लगेच घेऊन ठेवायचा," ते म्हणाले, "मागाहून गर्दी होते."

जुना फोन त्यांनी सासूबाईंना दिलाय. वीज गेली की त्या त्याचा टॉर्च लावतात आणि जावयाचं कौतुक करतात. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगानं चाललेली त्यातली ती एकच सोय!