नागनाथाचा ट्रेडमार्क

पुण्याच्या कॅम्पातल्या बर्गर किंगने अमेरिकी कंपनीला ठणकावलं, आमची पाटी १९९२ ची, तुम्ही भारतात उतरलात २०१४ ला. २०२४ साली जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. भांडण आता वर गेलंय. बर्गरला न्याय मागता येतो, मग आमच्या औंढ्याच्या नागनाथाने काय घोडं मारलंय?

नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाला दावेदार तीन: हिंगोली जिल्ह्यातलं औंढा, द्वारकेजवळचं नागेश्वर आणि अल्मोड्याकडचं जागेश्वर. स्तोत्रात पत्ता एकच, दारुकावन. पिनकोड नाही. जागेश्वरवाले तर थेट देवदाराची झाडंच पुराव्याला उभी करतात.

नाव नोंदवलेलं नसलं तरी बिघडत नाही. हिंगोली जिल्हा झाला त्याच १९९९ सालचा ट्रेडमार्क कायदा जुन्या नावलौकिकावर डल्ला मारणाऱ्याला कोर्टात खेचू देतो. आपली पत, समोरच्याने केलेली दिशाभूल आणि आपलं नुकसान, एवढं दाखवलं की झालं.

पत? नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते औंढ्यात. साक्षीदार नरसीचा, म्हणजे घरचाच. नुकसान? गुजरातची सहल करून आलेला भाविक यादीत नागनाथावर टिक मारून मोकळा होतो. मग औंढ्याच्या तळघरातल्या गाभाऱ्यात अंग चोरून उतरायला तो कशाला येतोय? घोटाळा दिशाभुलीत आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं आणि नंदी मागे राहिला, हे आपण गावभर अभिमानाने सांगतो. समोरचा वकील तेवढंच पकडणार: दिशा बदलली कुणी, मायलॉर्ड?

नागेश्वरचा जीर्णोद्धार मात्र कॅसेटवाल्या गुलशन कुमारांचा. कव्हर व्हर्जनची गोडी देशाला लावणारा माणूस! मी काही सुचवत नाहीये.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आसाम सरकारच्या जाहिरातीत भीमाशंकर कामरूपात निघालं, तेव्हा आपले पुढारी खवळले होते. औंढ्यासाठी तसा आवाज माझ्या तरी कानी आला नाही. द्वारका पडली गुजरातेत. शिवाय समोरच्याने नाव नोंदवून वापरलं आणि तुम्ही जाणूनबुजून सलग पाच वर्षं बघत बसलात, तर कायदाही हात वर करतो. आपल्याला बघत बसण्याचा सराव शतकांचा.

तरी दावा लावूच. देव कायद्याने व्यक्ती आहे, फिर्याद करू शकतो. फक्त वादी महादेव आणि प्रतिवादी क्रमांक एक व दोनही महादेवच, त्यामुळे दोन्ही समन्स कैलासाच्याच पत्त्यावर काढावे लागतील. बेलीफ आत्ताच प्रवासभत्त्याचं विचारतोय.