बाकी चव्वेचाळीस

मा. ग्राहक सेवा विभाग,
मांजरांचं कोरडं खाद्य बनवणारी कंपनी, यांस


कंपनीचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. दुकानात शेजारी मांडलेल्या इतर पिशव्याही मी उलटून पाहिल्या. पत्र त्यांनाही चालेल.

मी निवृत्त लेखापरीक्षक. पतसंस्थांची दप्तरं तपासण्यात हयात गेली, पण तुमच्या पिशवीइतकं देखणं दप्तर कधी हाती आलं नव्हतं. पुढे निळ्या लाटांवर उसळणारा मासा. मागे, शिवणीच्या घडीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत हिशेब.

ही घडी उलगडायची वेळ आली ती आमच्या बंड्याची लघवी अडली तेव्हा. रात्री अकरा वाजता तो वाळूच्या ट्रेमध्ये बसत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. मला वाटलं बद्धकोष्ठ. मी त्याला तूप चाटवलं. बोक्याची लघवी तुंबली तर दोन दिवसांत जिवावर बेततं, हे मला सकाळी डॉक्टरांनी सांगितलं. नळी घालावी लागली, तीन दिवस सलाईन. डॉक्टर न्यायी माणूस. म्हणाले, एकट्या खाद्यावर खापर फोडता येणार नाही. वजन असतं, ताण असतो, पाणी कमी पडतं. मग विचारलं, "पण खातो त्यात आहे काय काय?" पिशवी मी नेलीच होती. दोघांनी मिळून वाचली.

प्रथिनं किमान ३२ टक्के. स्निग्ध किमान १०. तंतू कमाल ४. ओलावा कमाल १०. बेरीज ५६.

महोदय, बाकी ४४?

शंभरातले चव्वेचाळीस रुपये ताळेबंदात दिसले नाहीत तर पतसंस्थेचा चेअरमन निदान 'किरकोळ खर्च' तरी लिहितो. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत. शिवाय 'किमान' आणि 'कमाल'! 'रोकड शिल्लक किमान दहा हजार' असं एखाद्या कॅशियरनं लिहून दिलं असतं, तर मी त्याच्यासमोरच तिजोरी उघडायला लावली असती. राख, म्हणजे खनिजं, किती ते छापलेलं नाही. ती सात-आठ धरली, तरी छत्तीसच्या आसपास उरतं ते पिष्ट: मका, तांदूळ, गहू. शिजवलेलं पिष्ट मांजराला पचतं, मान्य. त्याच्याशिवाय यंत्रातून दाणा फुलून बाहेर पडत नाही, तेही मान्य. मग लिहायला लाज कसली? उंदरात छत्तीस टक्के मका नसतो, गोदामातल्या उंदरातसुद्धा नाही. चार आण्याच्या बिस्किटाच्या पुड्यावर कर्बोदकं किती, साखर किती, सगळं छापावं लागतं. तुम्हाला लागत नाही, कारण २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यानं 'अन्ना'च्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलं आहे.

आता ते ३२. प्रथिन मोजायची पद्धत योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्ग बिअरच्या प्रयोगशाळेत काढली. नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ नं गुणायचं. ही वर्गातली हजेरी झाली. 'हजर' कोण म्हणालं ते मास्तर मान वर करून बघत नाहीत. कोंबडीचं मांस 'हजर' म्हणतं, मक्याचं ग्लूटेन म्हणतं, पिसंही म्हणतात. २००७ साली चीनहून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन निघालं. त्यात नायट्रोजन भरपूर, प्रथिन शून्य. हजेरीपट भरला आणि मांजरा-कुत्र्यांची मूत्रपिंडं गेली.

याच ३२ च्या जोरावर दुकानदार मला म्हणाला होता, "काका, ओल्या पाउचवर नऊ टक्के लिहिलंय आणि यावर बत्तीस. बत्तीसवालंच घ्या ना!" मी, आयुष्यभर टक्केवारीवर जगलेला माणूस, घेतलं. पाउचमध्ये पाणी ८० टक्के. ते वगळा: उरलेल्या वीसात नऊ, म्हणजे ४५. तुमच्या नव्वदात बत्तीस, म्हणजे साडेपस्तीस. ही त्रैराशिकं सातवीतली मुलं करतात आणि मी दुकानात उभा राहून चुकलो. पाणी तर मी हिशेबातच धरलं नाही, आणि बंड्याला हवं होतं नेमकं तेच.

लाल-हिरवे दाणे कोणासाठी, मासा घटकांच्या यादीत शेवटून तिसरा 'स्वाद' म्हणून का, हे विचारत बसत नाही.

मी तुम्हाला चार आकडे विचारले होते: राख, मॅग्नेशियम, फॉस्फरस, टॉरिन. उत्तर आलं: 'प्रिय पेट पेरेंट, आमची उत्पादनं प्रेमानं बनवली जातात.' प्रेम किती टक्के? किमान की कमाल? गळ्यात प्लास्टिकचा कर्णा अडकवून, स्वतःच्याच लघवीत बसून बंड्या माझ्याकडे बघत होता, तेव्हा मी तुमचं ते प्रेम मोबाइलवर वाचत होतो. निर्लज्ज लेकाचे!

हे खोडत नाही. पण पुढचंही लिहितो. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय खचतं, हे अमेरिकेत १९८७ साली सिद्ध झालं, आणि तेव्हापासून तुमच्या धंद्यानं ते वाढवून घालायला सुरुवात केली. आमच्या आधीच्या मनीला आम्ही दूधपोळीवर वाढवली. तिचे डोळे गेले ते टॉरिन कमी पडल्यानं की म्हातारपणानं, आता कळायचं नाही. तुमच्या पिशवीतला सगळ्यात स्वस्त दाणाही त्या वाटीपेक्षा बरा होता. हे लिहिताना हात जड होतो.

शेवटी मी फोन लावला. तुमच्याकडचा एक मुलगा बोलला, आवाजावरून विशीतला. "सर, आमच्या स्क्रीनवर एवढंच येतं." मी अर्धा तास त्याच्यावर ओरडलो. तो मधे एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "सर, तो बरा आहे का पण?" हे वाक्य तुमच्या स्क्रीनवर नसणार. त्याच्याकडेही मांजर आहे, बोकाच. तुमचंच खाद्य खातो. कामगारांना सवलतीत मिळतं म्हणे.

आकडे पंधरा दिवसांत पाठवावेत. पत्ता बिलावर आहे.

आपला,
बंड्याच्या घरातला एक

ता. क. हे पत्र त्या मुलापर्यंत पोचलं तर त्याला सांगा: दाणे कोमट पाण्यात भिजवून दे, आणि बोका ट्रेमध्ये सारखा बसायला लागला तर तूप चाटवत बसू नकोस.