तिटकाऱ्याचे मानकरी

मराठी माणसाला एखाद्या वस्तूचा तिटकारा येतो, वीट येतो, उबग येतो, शिसारी येते. हे सारे पाहुणे आगाऊ वर्दी न देता त्याच्या घरी येतात आणि तो बिचारा चतुर्थी विभक्तीत उभा राहून त्यांना वाट करून देतो. या व्यवहारात कर्तेपण सर्वस्वी तिटकाऱ्याकडे असते. माणसाच्या वाट्याला केवळ 'मला' एवढे एक सर्वनाम येते, आणि तेही प्रत्ययाच्या भाराने वाकलेले. इंग्रजांनी ही व्यवस्था निराळी लावली आहे. त्यांच्या वाक्यात प्रथम 'मी' उभा राहतो, तोही मोठ्या लिपीतल्या अक्षराने, आणि मग स्वतःच्या अखत्यारीत, कोणाची मंजुरी न घेता, समोरच्या वस्तूचा तिटकारा करून मोकळा होतो. हा भेद भाषापंडितांना ठाऊक असेलच. परंतु त्या भेदावर आपल्या उत्तरायुष्याची संपूर्ण इमारत उभारणारे गृहस्थ पाहावयाचे असतील, तर कोणत्याही जिल्ह्याच्या गावी पेन्शनरांच्या बाकापाशी जावे. आमच्या साताऱ्यात त्यांना अण्णासाहेब म्हणतात. अन्यत्र ते नानासाहेब किंवा तात्यासाहेब असतील, पण बंद गळ्याचा कोट, काखेतली छत्री आणि 'आय अभॉर इट' हे वाक्य या तिन्ही गोष्टी सर्वत्र सारख्याच.

ज्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे त्या काळी अण्णासाहेब ती उत्तीर्ण झाले आणि कलेक्टर कचेरीच्या दप्तरखान्यात उमेदवार म्हणून चिकटले, ते तीस-बत्तीस वर्षांनी अव्वल कारकून होऊन, फुलांचा हार आणि एक टाइमपीस घेऊन बाहेर पडले. (नावापुढचा 'साहेब' हा पेन्शनीबरोबर मिळालेला, नोकरीत असताना ते नुसते अण्णा होते, आणि वरिष्ठांच्या तोंडी तर तेवढेही नव्हते.) या अवधीत जमाबंदी, तगाई, आणेवारी, वतनाच्या तक्रारी अशा सहस्रावधी प्रकरणांवर त्यांनी टिपणे लिहिली; परंतु त्यांतील एकाही टिपणात त्यांचे स्वतःचे मत नव्हते. मत साहेबांचे असे, सही साहेबांची असे, चूक निघाल्यास तेवढी अण्णांची असे. पत्राच्या प्रारंभी 'आय बेग टु स्टेट' आणि शेवटी 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबीडिअंट सर्व्हंट' या दोन कोनाड्यांच्या दरम्यान जेवढी जागा उरे तेवढ्यात त्यांचे इंग्रजी राहत असे. या इंग्रजीत याचना होती, निवेदन होते, स्मरणपत्र होते. नावड मात्र नव्हती. नावडण्याचा अधिकार मामलेदारांच्या दर्जापासून पुढे सुरू होत असे.

'अभॉर' हा शब्द त्यांच्या संग्रही आला तो शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या तासाला. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, हे प्राचीनांचे प्रसिद्ध मत मास्तरांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिले, आणि त्यातील क्रियापद बाल-अण्णांच्या मनात घर करून बसले. निसर्गासारख्या थोर सत्तेला जे शोभते ते आपल्याला नोकरीत कसे शोभणार, या विचाराने त्यांनी तो शब्द किमती भरजरी उपरण्यासारखा पेटीत ठेवला नसेलच असे सांगता येत नाही. पण पेन्शनीचा पहिला हप्ता हाती पडला त्याच दिवशी, दुधात पाणी आढळताच, गवळ्याकडे रोखून पाहत त्यांनी तो प्रथम बाहेर काढला. गवळ्याला अर्थ कळला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी दूध घट्ट आले. एका शब्दाने दुधाची प्रत सुधारते हा अनुभव ज्याला आला, त्याच्यापुढे शब्दप्रामाण्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही.

उच्चाराची थोडी अडचण आहे. त्या शब्दातील 'ब' आणि 'ह' ही दोन अक्षरे इंग्रज माणूस अलग अलग उच्चारतो. परंतु ती शेजारी शेजारी दिसली की मराठी डोळ्याला त्यांत 'भ' दिसावा यात दोष कोणाचा? अण्णासाहेबांच्या तोंडून तो शब्द भाऊ, भाकरी आणि भानगड यांच्या पंक्तीतला होऊन बाहेर पडतो. त्यांची इंग्रजी शाळेत जाणारी नात एकदा म्हणाली, ''आजोबा, तसं नाही, अब्-हॉर म्हणायचं.'' तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून उत्तर दिले, ''बाळ, तू म्हणतेस तो उच्चार असेल. मी म्हणतो तो तिटकारा आहे.''

व्याकरणाच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे बोट दाखवण्याची कोणाची छाती नाही. नेसफील्डचे व्याकरण त्यांना मुखोद्गत आहे. एका तरुण शिक्षकाने वाचनालयात 'आय ॲम अभॉरिंग' असे म्हटले, तेव्हा त्यांनी त्याला बसवून घेऊन समजावले की तिटकारा ही मनाची स्थिती आहे, चालू असलेले काम नव्हे. मनुष्य जेवीत असू शकतो, लिहीत असू शकतो, तिटकारीत असू शकत नाही. भूतकाळी रूपात 'आर' हे अक्षर दोनदा येते हे तर ते इतक्या आत्मीयतेने सांगतात की ती जादा 'आर' जणू त्यांच्याच शिफारशीने मंजूर झाली असावी. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा 1847 सालचा इंग्रजी-मराठी कोश वाचनालयाच्या कपाटात आहे, तो त्यांच्याखेरीज कोणी काढीत नाही. आणि त्यात डोके घालून त्यांनी इंग्रजी नावडीची एक सेवाज्येष्ठता यादीच मनाशी तयार केली आहे. 'डिसलाइक' हा उमेदवार. त्याला कोणीही कोठेही पाठवावे. 'हेट' हा कारकून, कामाला दणकट पण बाजारात फिरून ओशाळलेला. 'लोद' याचा संबंध पोटाशी, सबब त्याची नेमणूक जेवणघरापुरती. 'डिटेस्ट' याच्या लॅटिन मुळात साक्षीदार दडलेला आहे, देवांना साक्षी ठेवून शाप देणे हा त्याचा मूळ व्यवसाय. म्हणून त्याला दिवाणी दाव्यांकडे वर्ग करावे. 'अबॉमिनेट' यात अपशकुन आहे आणि अपशकुनाला इंग्रजीची गरज नाही, ते खाते त्यांच्या पत्नी माईंकडे आहे. या सर्वांच्या वर, पंखा हलवणाऱ्या शिपायासह, स्वतंत्र खोलीत बसलेला साहेब तो 'अभॉर'.

या साहेबाच्या मुळाविषयी एक गोष्ट मात्र मी अण्णासाहेबांना अद्याप सांगितलेली नाही. लॅटिनमध्ये त्याचा धातू अंगावर काटा उभा राहणे या अर्थाचा आहे. भयाने शहारून मागे सरणे तो 'अभॉर'. आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्याच धातूचा संस्कृतातील सख्खा भाऊ म्हणजे 'हृष्', ज्यापासून आपला रोमहर्ष आला आणि खुद्द हर्षही आला. एकच काटा, तिकडे तो तिटकाऱ्याने उभा राहिला, इकडे आनंदाने. अण्णासाहेबांना तिटकारा करताना ज्याने पाहिले आहे त्याला या व्युत्पत्तीसाठी कोशाचा पुरावा लागत नाही. साताऱ्यातल्या 'चार भिंती' या ठिकाणाकडे फिरायला जाताना वाटेत कोठे रेडिओ सिलोन लागलेले ऐकू आले की त्यांची पावले मंदावतात, छत्री जमिनीवर रोवली जाते, चेहऱ्यावर तुकतुकी येते, आणि ते गाणे संपेपर्यंत तेथेच उभे राहून ते त्याला 'अभॉर' करतात. गाणे आवडणारी मंडळी इतका वेळ थांबत नाहीत.

त्यांच्या तिटकाऱ्याचा परमोत्कर्ष मी पाहिला तो 1957 च्या एप्रिलात. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस सरकारने नवे पैसे सुरू केले आणि रुपयाचे चौसष्ट पैसे होते ते शंभर झाले. ज्याने आयुष्यभर रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांत बेरजा केल्या त्याच्या दृष्टीने ही केवळ नाण्यांची अदलाबदल नव्हती. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे बिनतक्रार होतात. परंतु एका आण्याचे होतात सव्वासहा, आणि पाव नवा पैसा ही वस्तू टाकसाळीने पाडलेलीच नाही. भाजीवालीने एक आण्याची कोथिंबीर देऊन सात नवे पैसे मागितले, अण्णासाहेबांनी सहा पुढे केले, आणि मधल्या एका पैशावर कोणाचा हक्क पोहोचतो या प्रश्नावर त्यांनी मंडईत अर्धा तास जे विवेचन केले त्यात तो शब्द क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही रूपांत येऊन गेला. विशेषणानंतर 'टु' हेच शब्दयोगी अव्यय यावयास हवे, 'फॉर' नव्हे, हेही त्यांनी ओघात भाजीवालीस सांगितले. ती शेवटी म्हणाली, ''अण्णा, कोथिंबीर तशीच न्या, पर हे इंग्रजी आवरा.''

तथापि प्रत्येक तिटकाऱ्याला सीमा असते, आणि यासही पदार्थविज्ञानच साक्षी आहे. निसर्गाला पोकळीचा इतका तिटकारा, तर पंपाने पाणी सुमारे चौतीस फुटांच्या वर का चढत नाही, असा प्रश्न इटलीतल्या विहिरी खणणाऱ्यांना पडला होता. पुढे 1640 च्या दशकात तॉरिचेल्लीने पाऱ्याची नळी उपडी करून दाखवली, पारा तीस इंचांवर येऊन थांबला आणि वर पोकळी राहिली. म्हणजे निसर्गाचा तिटकारा पाण्याच्या बाबतीत चौतीस फूट आणि पाऱ्याच्या बाबतीत तीस इंच. त्यापुढे निसर्ग समजुतीने घेतो. अण्णासाहेबांचा हॉटेलांविषयीचा तिटकारा असाच मोजता येतो. पैसे स्वतःचे असल्यास तो अमर्याद आहे. मिसळ दुसऱ्याने मागवल्यास तो पहिल्या घासापर्यंत टिकतो. आणि वर तर्रीची दुसरी वाटी आल्यास नळीत पोकळीच पोकळी उरते. वनस्पती तुपाचीही हीच कथा. आपल्या घरात ते शिरू देणार नाही अशी त्यांची प्रतिज्ञा आहे, आणि माईंनी डब्यावरचा कागद काढून टाकला असल्याने ती अभंग राहिली आहे.

माईंविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. इंग्रजीचे एक अक्षर न शिकता त्यांनी त्या शब्दाला मराठीत दत्तक घेतले. ''अहो, दोडका अभॉरू नका, पानात वाढलाय तो,'' असे त्या सहज म्हणतात. ''काल ह्यांनी भोपळा अभॉरला, आज घेवडा अभॉरतायत, उद्या मी काय करू सांगा,'' अशी तक्रार शेजारणीकडे होते. भाषाशुद्धीच्या चळवळीत जे शब्द हद्दपार करण्यासाठी ग्रंथ लिहिले गेले, त्यांच्याच एका भावंडाला एका स्वयंपाकघरात असा आख्यात प्रत्यय लागावा आणि तो वर्षानुवर्षे विनातक्रार चालावा, याची नोंद कोणीतरी घ्यावयास हवी होती.

आता यादोगोपाळ पेठेतील एका सभेविषयी. गणेशोत्सवाच्या आधी तरुण मंडळाने वडीलधाऱ्यांची संमती घेण्यासाठी बैठक बोलावली. विषय होता मंडपावर लाउडस्पीकर बसवण्याचा. अण्णासाहेब उठले. शांततेचे माहात्म्य, वृद्धांची निद्रा आणि विद्यार्थ्यांचा अभ्यास या तिन्ही मुद्द्यांवर त्यांनी संथ मराठीत भाषण केले, आणि समारोपाला आवाज चढवून, छत्री उंचावून, ते म्हणाले, ''म्हणून मंडळाच्या या लाउडस्पीकरला, सर्वांसमक्ष, अभॉर! अभॉर! अभॉर!'' टाळ्या कडाडल्या. इतिवृत्त लिहिणारा चिटणीस मराठी शाळेतला, कान शुद्ध आणि हेतूही शुद्ध. त्याने लिहिले, 'अण्णासाहेबांनी लाउडस्पीकरबद्दल मंडळाचे सर्वांसमक्ष त्रिवार आभार मानले.' पुढच्या बैठकीत हे इतिवृत्त वाचून एकमताने कायम झाले. त्या बैठकीस अण्णासाहेब हजर नव्हते; एकाच कामासाठी दोनदा बोलावले जाणे त्यांना अभॉरंट होते.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शिष्टमंडळ नारळ, शाल आणि पावशेर कंदी पेढे घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. ''अण्णा, आजवर पेठेतल्या एकानंही आमचे आभार मानले नव्हते,'' चिटणीस सद्गदित होऊन म्हणाला, आणि मानकऱ्याला पहिला मान या न्यायाने एक कर्णा अण्णासाहेबांच्या गॅलरीसमोरच्या खांबावर बसवल्याचे त्याने जाहीर केले. अण्णासाहेब काही बोलणार तोच शाल खांद्यावर पडली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ती त्यांच्या खांद्यावर पडली नव्हती. त्यांनी ती नीट केली, एक पेढा घेतला, आणि मंडळी जिना उतरेपर्यंत तो चघळीत उभे राहिले.

रात्री अकरापर्यंत कर्णा वाजल्यावर मात्र त्यांनी फुलस्केप कागद काढला आणि इतिवृत्तात दुरुस्ती व्हावी म्हणून मंडळास इंग्रजीत पत्र लिहिले. परिच्छेदांना क्रमांक होते, समासात सूट होती, पहिल्या परिच्छेदात संदर्भ, दुसऱ्यात हकिकत, तिसऱ्यात तो शब्द चार ठिकाणी, दोन 'आर' घातलेल्या रूपासह. मजकूर इतका कडक की कोणत्याही कलेक्टराने त्यावर ताबडतोब चौकशीचा शेरा मारला असता. शेवटी सहीच्या वर उरलेल्या जागेत, डोक्यातला संताप हातापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, हाताने सवयीने आपले काम उरकले.

मंडळात पत्र उघडले गेले. मधला मजकूर कोणालाच लागला नाही. परंतु शेवटच्या ओळीतला 'ऑनर' आणि 'सर्व्हंट' एवढे दोन शब्द सर्वांच्या ओळखीचे निघाले, आणि एवढ्या वयाच्या, एवढ्या शिकलेल्या माणसाने आपल्याला असे लिहावे याने मुले भारावून गेली. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर ती ओळ त्याच कर्ण्यावरून, सावकाश, दोनदा वाचण्यात आली. पहिल्या खेपेस 'ओबीडिअंट' चुकले. तेव्हा गॅलरीतून अण्णासाहेबांनी खाली वाकून त्याचा उच्चार दुरुस्त करून दिला.